टाकळीचा ट

शेकोकाराच्या भंगारात पंप, पत्रे, सायकलींची हाडं
आणि तेलाच्या एका डब्यात खिळे.
"ठोकाचे नाहीत हे," तो म्हणतो, "वाकतेत.
तुम्ही पाहून सांगा, शिसं किती, कथील किती."

दर्यापूरच्या छापखान्यात एकोणीस वर्षं
खिळेच जुळवले मी. हात घातला डब्यात
तर बोटांनी आधी ओळखलं, डोळ्यांनी मागून:
छापायचेच आहेत.
पण डोक्यावर रेघ नाही.

भिंग लावून बसलो बाभळीखाली.
तोंड शेवटी पाहावं, वस्ताद म्हणायचे,
तोंडाला कोणीही फसतो.
आधी उंची. मग पोटाची खाच: एक की दोन, वर की खाली.
मग खांदा. ओतणारा तिथे खूण ठेवतो,
बकरीच्या कानाला असते तशी.
खूण होती. झिजलेली.
विळा म्हणा, चंद्रकोर म्हणा,
कुणाचं नख म्हणा.

दुपारपर्यंत ढीग लावले.
एकाच अक्षराचे चार खिळे:
एक एकटा बसलेला,
एकाने हात पुढे केलेला,
एकाला दोन्हीकडून धरलेलं,
आणि एकाने मागच्याचा हात धरून
शेपूट सोडून दिलेली, निवांत.

मेहरुन्निसाआपा डेअरीवरून परत जाताना थांबली.
तिचे अब्बा खोलापूरच्या छापखान्यात मशीन फिरवायचे.
खिळा तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली.
"हे उलटं आहे, भाऊ. मला नाही येत."
मला उलटं येतं,
वाचता येत नाही.

डब्याच्या तळाशी सुतळीने बांधलेली एक ओळ निघाली,
कधी सोडलीच नव्हती.
चिमणीची काजळी, तिळाचं तेल,
वीजबिलाची कोरी बाजू आणि चमच्याची पाठ.
दाबताना सहज दिसलं:
शिशात यांची ओळ डावीकडून निघते,
आपली कागदावर निघते तशी.
आणि आपली, शिशात, उजवीकडून.
म्हणजे एकोणीस वर्षं मी मराठी
आपाच्या दिशेने वाचत होतो
आणि दिवाळीला बोनस तेवढा मागत होतो.

बिल सोलून काढलं. आपाने बोट ठेवलं, उजवीकडे.
"इत्तिला दी जाती है के मौज़ा…"
थांबली.
"टाकली."
"टाकयी," शेकोकार म्हणाला.
टाकळी, मी मनात.

मग तो पहिला खिळा सुतळीतून सोडवून भिंगाखाली धरला.
खांद्यावर तीच खूण, पण तोंड निराळं:
वरचे ठिपके कानशीने घासून टाकलेले,
त्या जागी डाग देऊन बसवलेलं
दुसऱ्या कुठल्या खिळ्याचं चिमुकलं डोकं.
डाग जाडा. भांडी सांधणाऱ्याचा असावा.
दूरच्या ज्या कारखान्याने पेटी पाठवली
त्याच्या भाषेत ट नव्हता.
इथे टाकळी होती, टेंभा होता,
टरबुजाच्या वाड्या होत्या नदीत,
टपालही होतं.
सगळा डबा पुन्हा पालथा केला.
तसा खिळा एकच.
म्हणजे एका पानावर टाकळी एकदाच यायची,
दुसरी आली तर पान थांबायचं,
किंवा कोणीतरी म्हणत असेल, गाव बदला.

"पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.
आपाने बिल उन्हात धरलं, उलटसुलट केलं.
पुढे काहीच नव्हतं. टाकळीशी ओळ संपली होती.
कसली इत्तिला, लिलावाची, पुराची, शाळा उघडल्याची,
कुणाची बकरी हरवल्याची,
जुळवणारा जेवायला गेला असेल.

"मंग काय लिहू पावतीत?" शेकोकार विचारतो.
"कुठचे व्हय हे?"
पेटी कुठली ते खांदा सांगेल कधीतरी,
माझ्याहून शहाण्या माणसाला.
"लिही," म्हटलं, "टाकळीचे."
त्याने लिहिलं. काटा लावला.
अकरा किलो, वर तीनशे ग्रॅम.

आपाने वजनातून एक खिळा उचलला.
शेकोकाराने काट्याकडे पाहिलं,
मग बाभळीकडे.