हातचा

त्या हिवाळ्यात शाळेला कोळसा आला नाही.
देश बदलला होता म्हणे. आमच्याकडे बदलला तो
भिंतीवरचा नकाशा, तोही अर्धाच लोंबायचा,
कारण खिळा एकच उरला होता.
कालिपा एझेकेंना पगार म्हणून मिळालं
पिठाचं एक पोतं आणि सतरा रबरी बूट,
सगळे डाव्या पायाचे.
दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचंच गणित घातलं:
सतरा डावे बूट, तर चालणारी माणसं किती?
आम्ही खिदळलो.
हसून झालं? म्हणाल्या. आता मांडा.

आत-बाशीच्या खोऱ्यात नोव्हेंबरात शाईसुद्धा आखडते.
बॉलपेन आम्ही काखेत धरून बसायचो,
तापमापीसारखं.
प्रत्येकाने घरून जळेल असं काहीतरी आणायचं:
शेणी, खुर्चीचा पाय, असला तर कोळसा.
झामिराने आणले कुणा पुढाऱ्याच्या भाषणांचे
चार जाडजूड खंड.
एझेकेंनी चाळून परत दिले.
मागची पानं कोरी आहेत, लिहायला होतील.

फळ्यावर कुणी घसरलं तर "चूक" म्हणायच्या नाहीत.
"परत जा. कुठे वळलास बघ," एवढंच,
आणि नखाएवढा उरलेला खडू
तळहातावर पुढे करायच्या,
घोड्याला साखर द्यावी तसा.

आणि हातचा. हातच्यावर त्यांचा भारी डोळा.
कागदावर दिसत नाही म्हणून तो नसतो
असं समजू नका रे, म्हणायच्या,
आणि स्वतः मात्र काही हातचं राखून
शिकवलं नाही कधी.

मी एक ढेकूळ चोरलं.
आई तापाने फणफणली होती, चुलीत नुसती राख.
बादलीतून उचललं, टोपीत घातलं, टोपी डोक्यावर.
बर्फ पडत होता. तो वितळून
कपाळावरून नाकापर्यंत काळा ओघळ,
आणि फाटकात एझेके.
त्यांनी रुमालाने माझं नाक पुसलं.
"टोपी घट्ट घाल. वारा आहे."

दुसऱ्या दिवशी तोंडी गणित.
बादलीत अकरा ढेकळं, एक गेलं, उरली किती?
"एर्निस, तू सांग."
दहा, मी म्हणालो. कान तापलेले,
वर्गात काय ती तेवढीच ऊब.
"बरोबर," म्हणाल्या, आणि पुढचं गणित घातलं.
बस्स. त्यानंतर कधीच काही नाही.
तीस वर्षं मी ते उत्तर ताडून पाहतो आहे.

गणितात मी काही दिवे लावले नाहीत.
कारा-केचेच्या खाणीवरून कोळसा वाहतो,
ट्रकचे ब्रेक माझ्याहून म्हातारे.
एकदा खिंडीत धुकं उतरलं, रस्ताच पुसला गेला,
नदीचा आवाज नको तितका जवळ.
देव नाही आठवला, बायको नाही आठवली.
मोठ्याने म्हणालो, परत जा, कुठे वळलास बघ.
आणि उलट्या गिअरात, स्वतःच्याच चाकोऱ्या चाचपत,
मागे, मागे, मेंढपाळाच्या त्या दगडांच्या राशीपर्यंत.

ऑक्टोबरातली पहिली खेप त्यांच्या अंगणात.
चौदा पोती. आता त्यांना धड दिसत नाही,
तरी काट्यावर घालायला लावतात एकेक,
पावती नाकाला टेकवून वाचतात.
दरवर्षी मी मुद्दाम कमी लिहितो.
दरवर्षी पकडला जातो.
यंदाही पेन्सिल थांबली.
"हातचा गिळलास, गाढवा."
खरी बेरीज खाली लिहिली, सोम मोजून
माझ्या मुठीत कोंबले, मूठ मिटून दिली.

मी ट्रककडे वळलो तेव्हा मागून म्हणाल्या,
आवाज फळ्यासमोरचाच,
"ताप उतरला होता का रे आईचा,
त्या रात्री?"

उतरला होता, मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली
आणि पोती पुन्हा पहिल्यापासून
मोजायला घेतली.