तिसऱ्याचे दात

शिवतेज बोराडेनं एस्टीम दोरीनं ओढून आणली
आणि उतरायच्या आधीच विचारलं,
"मिस्त्री, कंपनीचा गिअरबॉक्स किती घोडे झेलतो?
आकडा सांगा फक्त."

आकडा.
जसा काय बॉक्सच्या पोटावर ओतलेलाच असतो,
पार्ट नंबरच्या शेजारी.

आधी तेल काढलं.
काळं निघालं, आणि आत चमक,
धुळवडीच्या आंघोळीनंतर मोरीत उरते तशी चंदेरी.
चुंबक बुडवला, त्याला दाढी आली.
मग दात. एक, दुसरा, तिसरा अर्धा.
सगळे तिसऱ्या गिअरचे.
पाचवा तर कोरा, रुखवतात मांडून परत आणल्यासारखा.

"तिसराच कसा काय?"

पहिल्यात तू पाय दाबतो तेव्हा चाकं जागेवर फिरतात,
धूर होतो, पोरं शिट्ट्या मारतात,
तुला वाटतं ताकद दिसायली.
ताकद वाया जायली, बाबा, म्हणून बॉक्स वाचायला.
पुढच्या चाकांचं नशीबच तसं:
गाडी ओढायची त्यांनीच, वळायचं त्यांनीच,
आणि जोर लावला की अंग उचलतं मागं, पुढचं हलकं होतं.
तू भोकरदन रोडच्या मुरुमावर दोन वर्षं टर्बो चालवला.
मुरूम घसरत होता, तू नाही.

परवा रात्री समृद्धीवर गेलास.
सिमेंट कोरं. टायर नवे, मऊ.
क्लच तू तांब्याचा बसवलेला, तो सुटायला तयार नाही.
चाक सुटेना, क्लच सुटेना, रस्ता तर सरकारी.
मग कोण सुटणार होतं?

इलाही उस्ताद बोटांत बोटं अडकवायचे,
माझी त्यांच्यात,
आणि म्हणायचे, ढकल.
मी ढकलायचो. बोटं घट्टच राहायची,
मनगटं मात्र लांब लांब जायची.
"देखा? दात नंतर तुटतो, बेटा.
आधी घर फाकतं."
दोन शाफ्ट एकमेकांना दूर लोटतात,
अ‍ॅल्युमिनियमची भिंत केसभर वाकते,
मधल्या गिअरला आधार सगळ्यात लांबचा,
दात टोकावर टेकतो
आणि टोकावर टेकलेलं किती टिकतं
ते सांगायला उस्ताद थांबायचे नाहीत.
चहा आलेला असायचा.

"जाड गिअर टाका मग."
टाकू की. पुण्याहून कापून आणू, सरळ दातांचा.
रडंल जरा, पण तुटणार नाही.
मग एक्सल जाईल, लांबवाला.
एक्सल जाड केला की डिफरन्शियलची पिन, करंगळीएवढी.
पिन जाड केली की घर चिरंल, खालच्या अंगानं.
"आणि घर मजबूत केलं तर?"
तर मग शेवटी तुझा पाय, बोराडे.
तो कंपनीचाच आहे, तो बदलून मिळत नाही.

हसला. मीपण हसलो.
तुटका गिअर डब्यात टाकला, ठण्ण वाजला.
शनिवारी भंगारवाला नेईल, भट्टी गावातच आहे.
सळई होईल त्याची, कुण्या स्लॅबात आडवी पडंल,
जिथं फिरायचं काम नसतं.

लातूरच्या एका मेलेल्या गाडीतून जुना तिसरा मिळाला,
कंपनीचा, पंच्याऐंशी घोड्यांच्या हिशोबाचा.
बसवला. नवं तेल भरलं.
टर्बोची हवा तीन फेरे कमी केली, त्याच्या समोरच,
तो दुसरीकडं बघत होता.

मंठा रोडला ट्रायल.
गाडी तोच चालवायला, मी शेजारी, काच खाली.
तिसऱ्यात टाकली, बारीक हुंकार आला,
झोपेत कूस बदलावी तसा.
चांगला आवाज. मी डोळे मिटून ऐकला.
दोन किलोमीटर कुणीच बोललं नाही.

मग चौफुली गेली, ट्रक वळले,
पुढं रस्ता मोकळा दिसला
आणि मी डोळे उघडून
त्याच्या उजव्या बुटाच्या लेसकडं बघत बसलो.