ओट्याची उंची

उसगावच्या रस्त्याला दगडांचं ते आवार.
उभ्या लाद्या, ओल्या, पाठीला पाठ लावून,
आणि मांगीलाल एकेकीला टिचकी मारून नाव सांगतो:
ही स्टील ग्रे, ही टॅन ब्राऊन,
ही काळी, एकदम काळी, साहेब, नंबर एक.

मी एकतीस वर्षं जहाजांवर रांधलं.
पोलादावर. कडेला कठडा,
थाळ्यांखाली ओलं फडकं, नाहीतर उत्तर समुद्रात
सूप भिंतीवर जातं.
तिथे दगड निवडायची वेळ कुणावर येत नाही.
म्हणून भारावलो होतो,
काळीला हो म्हणणारच होतो,

तेवढ्यात सुलक्षाने पिशवीतून थिनरची बाटली काढली,
रुमालाचा कोपरा भिजवून लादीवर घासला.
रुमाल काळा झाला.
मांगीलाल छपराकडे बघत राहिला.

मग पाणी. चार लाद्यांवर चार थेंब,
आणि आम्ही दोघं स्टुलांवर, घड्याळ बघत.
काश्मीर व्हाईटने दोन मिनिटांत थेंब गिळला, काळवंडली.
"ही माझी हळद पिऊन टाकील," ती म्हणाली.
स्टील ग्रेवरचा थेंब वीस मिनिटांनीही
तसाच, गोल, वरचा पत्रा पोटात घेऊन.

कुठे शिकलीस हे?
"तुम्ही नसताना न्हाणीघर दोनदा बांधलं."
एवढंच.

लादी घरी आली. इनास गवंडी गुडघ्यांवर बसला,
मेजपट्टी भिंतीला लावली, विचारलं,
"रांदपी कोण?"

कुणीच बोललं नाही.
माझ्या उंचीला पस्तीस इंच लागतात.
तिला तीस.
जुना कडप्पा चौतीसचा होता,
वडिलांनी "असतो तेवढा" म्हणून घालून घेतलेला,
आणि त्याच्यापुढे एक पाट, मधोमध झिजलेला,
जो मी सुट्टीवर आलो की पायात येतो म्हणून
उचलून बाजूला ठेवायचो.
संध्याकाळी तो परत तिथेच.
मला वाटायचं, जेवायचा पाट इथे कसा येतो.

"तीस," मी म्हणालो.
"पाठ मोडेल तुमची."
"मोडू दे."
इनासने कानामागची पेन्सिल काढली,
आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि एकतीसवर रेघ मारली.

आता नियम आहेत. लिहिलेले नाहीत, ती बोलते.
कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, मग कोरडं.
व्हिनेगर सांडलं की लगेच पुसा.
आगळ सांडलं की त्याच्याही आधी.
लिंबाची फोड पालथी ठेवायची नाही.
कढई गॅसवरून थेट दगडावर नाही;
सोसतो तो, पण म्हणून सोसायला लावायचं का?
आडोळी जमिनीवरच.
वर्षातून एकदा सीलर, चवथीच्या आधी,
त्या दिवशी जेवण बाहेरचं.

ऑगस्टात खोबरेलाच्या बाटलीने एक कडं उमटवलं.
सोड्याचा लेप, वर प्लास्टिक, चोवीस तास.
गेलं.

टवका मात्र माझा.
कोयता सापडेना, हुमणाला उशीर,
हातात नारळ, आणि पुढ्यात ती नवी, सरळ कड.
मुगाच्या डाळीएवढा तुकडा उडाला.
दुपारभर तिथे फडकं टाकून उभा होतो.
इनास म्हणाला रेझिन भरतो, कळणारही नाही.
तिने बोट फिरवून पाहिलं.
"राहू दे. वीज गेली की
गॅस कुठे ते कळेल."

काल वीज गेली.
मी बांगडे धुऊन मीठ लावत होतो, काळोखात.
तिची बोटं कडेकडेने आली,
टवक्याशी थांबली.
"सरका थोडे," ती म्हणाली.
सरकलो.