दुसऱ्या भागात वजन नाही

एकशे अठरा जीबी उतरायला दोन रात्री लागल्या.
मधेच शुक्रवार, महावितरणचं शटडाऊन,
सगळ्या घणसोलीत इन्व्हर्टरची घरघर.
शनिवारी पहाटे एकदाचा दुसरा भाग उघडला.

आधी चांगलं सांगते.
पाणी. पाणी फार जीव लावून केलंय.
नदीत उतरलं की अंगरखा आधी गुडघ्यापर्यंत भिजतो
आणि वाळायला खरंच वेळ घेतो.
डोंगर चढता येतो, कुठलाही, कुठूनही.
(गच्चीवरून दिसणारा आमचा पारसिक
खाणीने अर्धा खाल्लाय, आणि पाटी आहे: प्रवेश निषिद्ध.)
घोडा अजूनही भिंतीत अडकतो.
नऊ वर्षांत एवढं तरी तसंच राहिलं.

सुरुवातीलाच एक म्हातारी शेकोटीपाशी बसवते,
विचारते, मागच्या खेपेला काय काय केलंस?
नावाडीण बुडू दिलीस की वाचवलीस?
जकातदार सोडलास की टांगलास?
नीट सांग, तुझ्या उत्तरांवर हा देश उभा राहील.

मला काही आठवेना.
मी नुसती बटणं दाबायची.
निर्णय आप्पांचे.

तेव्हा त्यांच्या कमरेला पट्टा होता,
तुर्भ्याच्या मार्केटातली टोळी सुटलेली,
सहा महिने गादीवर उताणे, मान तेवढी टीव्हीकडे.
मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची.
ते म्हणायचे, थांब, मारू नको,
आधी विचार त्याला, पोरंबाळं किती.
सरदार मोरविन त्यांचे कायम मोरेसाहेब.
चेटकिणीला ते वहिनी म्हणायचे, का ते माहीत नाही.

आणि ढाली, गदा, मेलेल्यांची चिलखतं उचलत गेलं
की पडद्यावर अक्षरं यायची:
ओझं फार झालं आहे, आता पळता येणार नाही.
मी चिडायची. आप्पा खूश.
"किती किलो झालं?"
"ऐंशी."
"मग बरोबर. ऐंशीला माणूस पळत नाही.
ह्यो खेळ कुणीतरी पाठीनं बनवलाय."

पाटणला फोन लावला. गोठ्यापाशी गेलं तरच रेंज येते.
नावाडीण? वाचिवली न्हवं का,
तू नको म्हणत हुतीस, पाण्यात तुझी तलवार गेली.
जकातदार सोडला, पण दंड घेऊन, एकशेचाळीस मोहरा.
आन् त्यो मुका पोरगा गं, गिरणीतला,
त्याला भाकरी दिली आपण,
तिसऱ्या दिवशी गेलो तर नव्हता. आला का त्यो?
मी म्हटलं, अजून शेकोटीपाशीच आहे मी.

आता किती उचलतो आपला गडी?

मी यादी वाचली. नवीन काय, सुधारलेलं काय.
"आता मर्यादाच नाही, आप्पा. कितीही घ्या."
पलीकडे म्हशीने साखळी ओढली.
"म्हंजे वजनच काढून टाकलं?"
"लोकांची तक्रार होती."
"हां," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, वैरण टाकायची राहिलीय.

चाळीस तास झाले खेळून.
माझ्या झोळीत चारशे बारा वस्तू आहेत, त्यात एक ऐरण.
ती घेऊन गडी चढावर धावतो आणि धापसुद्धा टाकत नाही.
ऑफिसात, महाप्याला, सगळे म्हणतात, किती सोपं केलंय.
केलंय खरं.

काल रात्री ऐरण विकून टाकली, निम्मी झोळी रिकामी केली.
खिंडीतून निघाले तेव्हा उरलं ते
तीन चिलखतं, देवळातली फुटकी घंटा, थोडे नाल.
मनात बेरीज केली. ऐंशीच्या वर.
पळायच्या बटणावरचं बोट काढून घेतलं.

मागून येणारा माझा भालेकरी दोनदा पुढे गेला,
दोनदा थांबला,
मग माझ्याच चालीने चालू लागला.
खाली नदी, पलीकडे गिरणी,
तिचं चाक फिरतंय.
पोरगा अजून दिसलेला नाही.