झडती

मंगळवारी तिसऱ्या तासाला, सातवीच्या वर्गात
मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
सरळ जारिएलच्या बाकाशी गेले
आणि त्याचं दप्तर उलटं केलं.

आदल्या दिवशी त्याला विचारून ठेवलं होतं,
हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक.
चिप्सचा चुरा, एकटा हातमोजा,
घडी घालघालून नखाएवढा केलेला गणिताचा पेपर,
आणि बाहुलीचा एक बूट,
जो आमच्या ठरलेल्यात नव्हता.

वर्ग हसला.
जारिएलचे कान लाल झाले.

खिडकीबाहेर वूस्टरचा बर्फ,
मीठ खाऊन काळवंडलेला. रेडिएटर खोकत होता.
"चालतं का असं?" मी विचारलं.
मॉरीन म्हणाली, "लपवायचं काही नसेल
तर घाबरायचं कशाला?"

मी दचकले.
कर नाही त्याला डर कशाला –
माझ्या मैत्रिणींची पत्रं फोडताना
साताऱ्यात वडील हेच म्हणायचे.
इतक्या लांब, बर्फ तुडवत,
बूट न काढता वर्गात शिरलं होतं ते वाक्य.

मग चौथी दुरुस्ती वाचून दाखवली.
जुने, परीटघडीचे शब्द; दोनदा वाचावे लागले.
क्वाबेना म्हणाला, "म्हणजे कागद हवा."
कुणाचा? न्यायाधीशाचा.
त्यात काय? कुठे शोधायचं, काय शोधायचं.
"आणि शाळेत?"
शाळेत जरा कमी, मी खरं ते सांगितलं.
मागच्या रांगेतून लांबलचक "हॅऽऽ" आलं.

तेवढ्यात थुई,
जी सप्टेंबरपासून हजेरीपुरतीच बोलायची,
हात वर न करता म्हणाली,
"मिस साबळे, आता तुमची पर्स."

काय असणार पर्समध्ये?
बसचा पास, खोकल्याच्या गोळ्या,
एक अर्धवट पत्र, वडिलांनाच.
बावीस जण बाकावरून पुढे झुकलेले.

"नाही," मी म्हणाले.
कारण दिलं नाही. हसलेही नाही.
जन्मात पहिल्यांदा इतकं सुटं, कोरडं नाही
माझ्या तोंडून निघालं,
आणि तेही बारा वर्षांच्या मुलीला.
थुईनं मान हलवली,
उत्तर बरोबर आल्यासारखी.

घंटा झाल्यावर गुडघ्यांवर बसून
मी जारिएलचं सामान परत भरलं.
हातमोजा. पेपर, न उलगडता.
बाहुलीचा बूट तळहातावर धरला,
तो घेईपर्यंत.
कुणाचा रे, हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.