प्रश्न चौथा, सोळा गुण

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
टोनर संपत आलेल्या प्रिंटरशेजारी
मी एम. ए. करते आहे.
लोकप्रशासन. भाग दुसरा.

पुस्तक खणात, गुडघ्यांवर अर्धवट उघडं,
वर टेबलावर पासपोर्टांची चवड.
नऊपासून टोकन सुरू.
सदतीस : व्हिसा रद्द.
अडतीस : बायकोचा व्हिसा, लग्नाचा दाखला नाही.
एकोणचाळीस काहीतरी विचारायला आलाय,
काय ते खुर्चीत बसल्यावर विसरला.

मधल्या फटीत मी वाचते :
पदसोपान म्हणजे वरून खाली येणारी अधिकाराची शिडी.
आकृतीत शिडीखाली जमीन काढलेली नाही.
मी पेन्सिलीनं एक रेघ मारली,
रेघेवर एक ठिपका,
आणि ठिपक्याला, उगाच, चपला.

शुक्रवारी जुम्म्यानंतर अब्बांचा फोन, बाणकोटहून.
"काय गो, कलेक्टर होनार काय?"
ते हसतात. मीही.
मुकादम हे आमचं आडनाव; आधी तो हुद्दा होता,
कुणाच्या तरी राज्यात
बंदरावर उतरणाऱ्या गोणी मोजायचा.
राज्य गेलं, गोणी गेल्या,
नाव उरलं गॅसच्या पासबुकावर
आणि इथल्या ओळखपत्रावर, एक अक्षर गळून.

वयोमर्यादा मला पाठ आहे.
गेल्या नोव्हेंबरात मी ती ओलांडली
तेव्हा सकाळपासून सर्व्हर बंद होता
आणि लोक माझ्यावर ओरडत होते.

"मग तयारी कसली करतेस?"
जिन्सी विचारते, टायपिंग न थांबवता.
मी काहीतरी बोलले. काय ते टोकन पुकारल्यात बुडालं.

पावसाळ्यात नव्हे, इथे पावसाळा नसतो,
ऑगस्टात, काचेला हात लावला तर भाजेल अशा दुपारी
मोफज्जल आला. चार महिन्यांचा पगार थकलेला.
सहाव्या प्रकरणात तक्रार-निवारण आहे, चांगलं लिहिलंय,
पण त्यात दर तिसऱ्या ओळीला नागरिक येतो.
इथे तो नागरिक नाही, मीही नाही.
एका कागदाची दोन टोकं धरून दोघे बसलो.

तारखा? मी विचारलं.
त्यानं खिशातून सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली,
एकीवर एक, पिनेनं टोचलेली,
पाठीच्या पांढऱ्या बाजूला बॉलपेननं
रोजचे तास, जादा तास, फोरमनचं नाव,
एका दिवशी नुसतं "ताप".
एकशे अठरा दिवस. मी बेरीज केली.
त्याची बरोबर होती, माझी चुकली.

फलकावर दर लिहिलाय : अर्ज, पंधरा दिरहम.
घेतले. मालक रात्री पावत्या मोजतो.

डिसेंबरात पेपर. प्रश्न चौथा, सोळा गुण :
अभिलेख व्यवस्थापनाचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.
पाठ केलेली व्याख्या आठवत होती, ती लिहिली,
मग पुरवणी मागितली
आणि तीन पानं चांदीवर लिहीत राहिले.
मुकादमांच्या पोरीला मोजणी कळते
हे वाक्य लिहून खोडलं.
सोळापैकी सहा मिळाले.

काल तो पुन्हा आला. टोकन बेचाळीस.
पुढची तारीख पडली म्हणाला.
सिगारेट सोडलीय, खर्च परवडत नाही,
म्हणून हल्ली कशावर लिहू ते विचारायला आला होता.
मी खण उघडला.
पुस्तकाच्या शेवटी, स्वाध्यायासाठी सोडलेली
आठ कोरी पानं आहेत.
पट्टी लावून, सावकाश फाडली.