लाल, दहा मिनिटं

मोनालीनं पुण्याहून पाठवला.
खोक्यात वायर, छोटा गॉगल, आणि पांढराशुभ्र,
डोळ्यांच्या जागी भोकं पाडलेला
कुणाचा तरी चेहरा.
"आई, रोज दहा मिनिटं. लाल बटण.
निळं दाबू नकोस, ते पिंपल्सचं."

कळण्याच्या भाकरी टाकून झाल्या,
पीठ अजून नखांत,
तशीच गच्चीवर येऊन आडवी झाले.
मे महिन्यात अमळनेरात घरात कोण झोपतं?
दिवसभर ठेवलेलं ऊन भिंती रात्री
व्याजासकट परत करतात.

हिशेब मला कळतो. पतपेढीची पिग्मी
एकवीस उन्हाळे गोळा केली आहे,
आधी सायकलवर, मग स्कूटीवर,
दुपारी दोनला, दुकानदार हमखास सापडतो म्हणून.
दहा-दहा रुपये लोकांचे वहीत.
माझ्या खात्यावर जमा झालं ते हे,
दोन्ही गालांवर, वांग.

आता उन्हानं केलेल्यावर उजेडाचाच उतारा.
खरं तर कागदावर वांगाचं नावही नाही,
सुरकुत्यांचं आहे. मोनालीला सांगितलं नाही.
सुरकुत्याही आहेतच की.

तिसऱ्या मिनिटाला लाईट गेली.
स्टेशनपासून इकडे सगळा अंधार
आणि अंधारात एवढी एकच वस्तू पेटलेली:
माझं तोंड.
"माय वं! बोरसेस्नी गच्चीवर काय पेटनं?"
ठगूबाईचा नातू किंचाळला, "लाल भूत शे!"
बोलावं तर मुखवटा सरकतो,
म्हणून मी नुसता हात वर केला.
नको करायला हवा होता.

कठडा ओलांडून ठगूबाई आली,
उशाशी बसली, वाकून वाकून पाहिलं.
"भरीतना वांगानी गत दिखी ऱ्हायनी तू."
आतल्या आत हसले मी, पोट हललं.
वांगंच तर भाजतेय, बाई.
मग तिनं आपला खरबरीत हात
माझ्या हनुवटीखाली धरला, उजेडात,
उलटसुलट केला.
"हातले चालस का हाई?"

हे साडेदहाला आले, धुळे रोडच्या वर्कशॉपवरून.
यांचाही एक मुखवटा आहे,
खिळ्याला टांगलेला, काळा, काचेला तडा गेलेला.
उजेड तोंडावर येऊ नये म्हणून तो
तीस वर्षं यांनी तोंडासमोर धरला,
तरी गळ्याशी, शर्टाचं वरचं बटण नसतं तिथं,
तिकोनी भाजलेली कातडी आहेच.
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की
मी बटाट्याच्या चकत्या कापून देते.
गावातली अर्धी ग्रिलं, जिने, एका शाळेचं फाटक
त्या काचेआडून जोडलेलं.

"लावता का? दहा मिनिटं."
"दिवसभर खाल्ला तेवढा उजेड पुरे,"
म्हणाले, आणि कूस बदलली.

मध्यरात्री कधीतरी वारा सुटला.
तीनदा पीं पीं झालं, मी डोळा उघडला.
हे उताणे, मुखवट्याखाली,
हात छातीवर, फोटो काढायला बसवल्यासारखे ताठ.
तो छोटा गॉगल नाही, वर्कशॉपचा गडद चष्मा लावलेला आत.
भरवसा नाही उजेडावर, एवढ्या वर्षांत बसला नाही.

आणि बटण निळं दाबलेलं.
पुन्हा एकदा. दुसरा डाव सुरू.

सांगणार होते, ते पिंपल्सचं.
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.
पण निळाच तर यांच्या ओळखीचा,
रोजचा, ठिणग्यांच्या मधोमध असतो तो;
फक्त हा गार होता,
टोचत नव्हता,
काही जोडायला सांगत नव्हता.

मी गप्प पडून राहिले.
पलीकडच्या गच्चीवर ते पोरगं
झोपेतच कुणाला तरी म्हणालं,
"आते निळं."